तुलनात्मक तक्ता

दर जानेवारीत साहेब मागतात तो कागद
मीच करते. उभे तीन रकाने:
मागील वर्ष, चालू वर्ष, फरक.
कॉम्प्युटरवर जातो, पण आधी मी तो
फुटपट्टीने आखते, रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानावर,
कारण पडद्यावर माणसं मोजताना
माझी बेरीज चुकते.

नवा कायदा आल्यापासून कलमांचे आकडे बदलले.
जीभ अजून तीनशे दोनच म्हणते,
हात एकशे तीन लिहितो.
मेलेल्याला दोन्ही सारखेच.

मुद्देमालाची खोली माझ्याकडे, अकरा वर्षं.
आले तेव्हा कुऱ्हाडी होत्या, पहारी,
चुलत्यानं पुतण्याच्या डोक्यात घातलेला एक वरवंटा,
पावसाळ्यात त्याला मसाल्याचा वास यायचा.
मार्केट यार्डातलं एक दाभण,
हळदीच्या पोत्यांनी नेढ्यापर्यंत पिवळं झालेलं.
वयं चाळीस, पंचेचाळीस. कारणं लांबलचक,
तीन पिढ्यांची, सातबाऱ्यासकट.

आता कोयते.
ऊस कधी न पाहिलेले. कुरिअरने आलेले,
म्यानावर ड्रॅगन,
मुठीच्या फटीत वाढदिवसाच्या केकचं सुकलेलं क्रीम.
वयं सतरा, एकोणीस.
कारणं एका ओळीत मावतात:
'रागाने बघितले.'
'स्टेटसवर हसला.'
'भाई न म्हणता नुसत्या नावाने हाक मारली.'
पूर्वी मी कारणापुढे दोन ओळी कोऱ्या सोडायचे,
मागाहून काही निघालं तर असावी जागा.
हल्ली सोडत नाही.

प्रज्योत ऐवळे. शंभर फुटी रस्ता, ऑम्लेटच्या गाड्यामागे,
एकतीस डिसेंबर, रात्री अकरा चाळीस.
मारणारे तिघे. त्यांतल्या दोघांना कागदावर
'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणायचं असतं.
धाकट्याला तो शब्द वाचता येईना,
दोनदा अडखळला, मग विचारलं,
मॅडम, घरी सांगणार का?

प्रज्योत सिव्हिलमध्ये दोन तारखेच्या पहाटेपर्यंत टिकला.
म्हणजे वार जुन्या वर्षात, मरण नव्यात.
साहेब म्हणाले, तो जखमींत दाखवलाय ना, असू दे तिथेच.
आणि पुढच्या वर्षी?
पुढच्या वर्षी गुन्हा नवा नसतो. नुसती कलमवाढ.
खुनाच्या रकान्यात तो कुठेच बसेना.
मी पट्टी धरून पाहिली.
दोन वर्षांमधल्या रेघेला
पेन्सिलीच्या टोकाएवढी जाडी असते.
तिथे.

तक्ता गेला. मागील सहा, चालू पाच, घट एक.
प्रेसनोटमध्ये त्याला 'लक्षणीय' लागलं.
अमरधामला बापाच्या खांद्यावरून फुटला
तोही एकच.

फेब्रुवारीत त्याची आई आली.
रडायला नव्हती आली.
अपार्टमेंटच्या दारात त्याची स्कूटी आडवी उभी आहे,
म्हणाली, लोक रोज बोलतात,
पाण्याचा टँकर आत येत नाही. चावी तुमच्याकडे आहे.

होती. पाकिटात, लाखेचं सील, पंचांच्या सह्या,
'मयताच्या उजव्या खिशातून'.
अर्ज करा म्हटलं. कोर्टाचा आदेश लागेल.
तिने मान हलवली आणि
बँकेत उभं राहतात तशी
काउंटरला हात टेकून उभीच राहिली.

ड्यूटी संपल्यावर मी आणि होमगार्ड जिनगोंडा
तिच्या पत्त्यावर गेलो. साध्या कपड्यांत.
हँडल लॉक. टायरमध्ये हवा नाही.
जिनगोंडाने मागून उचलली, मी पुढून,
वरच्या गॅलरीत कुणीतरी कपडे काढायचे थांबले.
सीटवरच्या धुळीत बोटाने लिहिलं होतं:
गाडी हलवा.

हलवली. दीड फूट.